उदगीर कोणत्या जिल्ह्यात?

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उदगीरच्या मतदाराने आमदार निवडून दिला तो हैदराबादच्या विधानसभेवर. १९५७ साली त्याने मत दिले ते द्वैभाषिक मुंबई राज्यासाठी आणि १९६२ साली महाराष्ट्रासाठी. दहा वर्षांत तीन राज्ये झाली, आणि हा माणूस आपल्या वाड्यातून किंवा शेतातून कुठे हललाही नव्हता. बदलली ती राजधानी, जिल्ह्याचे ठिकाण, कचेरीची भाषा आणि खिशातला रुपयासुद्धा.

उदगीरचा इतिहास म्हटले की आपण सरळ १७६० च्या लढाईवर येतो. शाळेत तेवढेच शिकवलेले असते आणि अभिमान वाटावा असे त्यात पुष्कळ आहे. पण त्या लढाईने उदगीरला नाव मिळवून दिले, इथल्या माणसाचे जगणे तिने फारसे बदलले नाही. ते बदलले कचेऱ्यांनी आणि जिल्ह्यांच्या रेघांनी. त्या रेघा हैदराबादेत आखल्या गेल्या, दिल्लीत आखल्या गेल्या, मुंबईत आखल्या गेल्या. उदगीरला विचारून एकही आखली गेली नाही. हा इतिहास लढाईइतक्याच आस्थेने सांगायला हवा असे मला वाटते.

उदगीरचा किल्ला एकटा नाही. जुन्या कागदांत त्याचे नाव दोन भावंडांबरोबर येते, औसा आणि कंधार. आज औसा आणि उदगीर लातूर जिल्ह्यात आहेत, कंधार नांदेडात. पण जुन्या काळात हे तिन्ही किल्ले बहुतेक एकत्रच दिले-घेतले गेले. बहमनी सुलतानांनी गुलबर्ग्याहून राजधानी बिदरला आणली आणि उदगीर अचानक राजधानीच्या दारात येऊन बसले. बहमनी राज्य खिळखिळे होऊ लागले तेव्हा कासीम बरीदने जहागीर म्हणून औसा, कंधार आणि उदगीर हेच तीन किल्ले हाताशी धरले, आणि त्या बळावर बिदरच्या सुलतानाला नावापुरता ठेवले. सोळाव्या शतकाच्या मध्याला अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने अली बरीदकडून हे तिन्ही काढून घेतले. किल्ला कोणाकडे, यावरून परगण्याचा सारा कोणाकडे ते ठरे. गावात मात्र तोच पाटील, तोच कुलकर्णी, परगण्यावर तेच देशमुख-देशपांडे. वरचा धनी बदलला की नवी सनद घ्यायची, नजराणा द्यायचा आणि वतन चालू ठेवायचे.

१६३६ साली निजामशाही बुडाली. शाहजहान आणि विजापूरचा आदिलशहा यांच्यात तह झाला आणि उदगीर-औसा मोगलांच्या वाट्याला आले. तह झाला खरा, पण किल्लेदारांना तो मान्य नव्हता. उदगीरला सिद्दी मिफ्ताह होता, औशाला भोजबल. खान-ए-दौरानने उदगीरला वेढा घातला आणि तो काही महिने चालला. शेवटी सिद्दी मिफ्ताहने किल्ला दिला, आणि मोगलांनी त्यालाच आपल्या चाकरीत घेतले. ज्याने विरोध केला त्याला मनसब, हा त्या काळच्या राज्यकारभाराचा व्यवहार होता. स्थानिक माणसाला सामावून घेतल्याशिवाय मुलूख चालत नाही हे मोगलांना पक्के ठाऊक होते.

आता १७६०. पेशव्यांनी अहमदनगरचा किल्ला तिथल्या किल्लेदाराला फोडून घेतला, त्यावरून निजामाशी युद्ध पेटले. निजाम सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली फौजेसह उदगीरला आले. तिथून निघून धारूरच्या आसऱ्याला पोचायचे असा त्यांचा बेत होता. सदाशिवरावभाऊंनी त्यांना वाटेतच गाठले. पूर्वी निजामअलीच्या पदरी असलेला इब्राहिमखान गारदी आता तोफखान्यासह भाऊंच्या बाजूला होता. ३ फेब्रुवारी १७६० ला औशाच्या रोखाने चाललेली निजामाची फौज कोंडली गेली आणि तह झाला. सुमारे साठ लाखांचा मुलूख, अहमदनगर, दौलताबाद, बऱ्हाणपूर, विजापूर अशी मोठमोठी नावे त्या तहात आली. ज्या गावाचे नाव लढाईला लागले त्या उदगीरचे नाव त्या मोठ्या नावांत नव्हते. तोवर दत्ताजी शिंदे उत्तरेत बुराडीच्या घाटावर अब्दालीशी लढताना पडले होते. उदगीरचा विजय साजरा होतो न होतो तोच भाऊंना उत्तरेकडे निघावे लागले, आणि पुढच्या संक्रांतीच्या सुमारास पानिपत घडले. तहात मिळालेल्यातले बरेचसे पेशव्यांच्या हातून गेले. १९४८ साली आसफजाही राज्य बुडाले तेव्हाही उदगीर निजामाच्याच मुलखात होते.

लढाईनंतरच्या शंभर वर्षांत इथल्या रयतेचे जे हाल झाले त्यांना इतिहासाच्या पुस्तकात जागा फार थोडी मिळते. निजाम सरकार परगणे मक्त्याने देई. जास्त बोली लावणारा सारा वसूल करी, त्याच्यामागे सावकार असे, सावकारामागे वसुलीला अरब आणि रोहिले. मक्तेदाराला मुलूख एकदोन वर्षांसाठीच मिळालेला, तेव्हा गाव पुढे टिकते की उजाड होते याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. १८२० मध्ये उदगीरच्या देशमुखांनी हत्यार उचलले. ते बंड मोडायला इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालची निजामी फौज यावी लागली. त्याच्या आदल्याच वर्षी नांदेडच्या बाजूला नोव्हाच्या गढीत नौसाजी नाईकांच्या हटकरांनी अशाच फौजेशी झुंज दिली होती. या दोन्ही उठावांच्या मुळाशी वसुलीचा जाच होता असे मी मानतो.

ही घडी बदलली सालारजंगांनी. १८५३ ला ते निजामाचे दिवाण झाले त्याच वर्षी इंग्रजांनी फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि शेजारचा नळदुर्ग जिल्हा, म्हणजे आजचा धाराशिव, निजामाकडून काढून घेतला. नळदुर्गचा कारभार मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने पाहिला. १८६० मध्ये तो जिल्हा परत आला तेव्हा मोजणी, ठरलेला सारा, पगारी नोकर असा कारभार शेजारीच पाहायला मिळालेला होता. सालारजंगांनी मक्तेदारी मोडली आणि १८६५ मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी, केली. उदगीर हे बिदर जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण झाले.

हा बदल लढाईपेक्षा मोठा होता. आता गावावर वर्षाला नवा मक्तेदार येत नव्हता. तालुक्याला तहसीलदार, त्याच्या हाताखाली पेशकार आणि गिरदावर, जिल्ह्याला अव्वल तालुकदार, त्याच्या मदतीला दोम आणि सोम तालुकदार, त्यांच्यावर सुभेदार. अव्वल तालुकदार म्हणजे आपला आजचा कलेक्टर. १९०५ मध्ये सुभ्यांची फेररचना झाली तेव्हा बिदर जिल्हा गुलबर्गा सुभ्यात गेला आणि नांदेड औरंगाबाद सुभ्यात. कंधार आणि उदगीर ही जुनी भावंडे अशी दोन सुभ्यांत विभागली गेली. आज लातूर-नांदेड म्हणताना जी रेघ आपल्याला स्वाभाविक वाटते तिचा उगम या दप्तरी वाटणीत आहे.

पण सगळा जिल्हा सरकारी नव्हता. निजामी राज्यात दिवाणी किंवा खालसा मुलूख वेगळा, निजामाचा खासगी सर्फ-ए-खास वेगळा, बड्या उमरावांच्या पायगा वेगळ्या, जहागिरी वेगळ्या. बिदर जिल्ह्यात तर भालकी-चिटगुप्प्याकडे पायगांचा मुलूख, कल्याणीला नवाबाची जहागीर. एका गावचा शेतकरी तहसीलदाराकडे दाद मागे, आणि शिवेपलीकडच्या गावचा जहागीरदाराच्या कारकुनाकडे. दाद लागेल की नाही हे त्या एका शिवेवर ठरे.

भाषेचे ओझे सर्वांवर सारखे होते. १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू आली. गावचा पटवारी हिशेब मोडीत लिही, तहसिलीत तो उर्दूत चढे, आणि ज्याच्या जमिनीचा तो कागद त्याला तो वाचता येत नसे. उदगीर तालुक्यात मराठी घरची भाषा, बाजारात कानडी आणि थोडी तेलुगूही ऐकू येई. कचेरीतल्या अर्जासाठी मात्र अर्जनवीस गाठावा लागे. साल मोजायचे ते फसली. रुपया निजामाच्या हाली शिक्क्याचा. सात हाली रुपये म्हणजे इंग्रजी मुलखातले सहा कलदार. सोलापूरकडे माल न्यायचा तर सरहद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी. सभेवर बंधने घालणारी ‘गश्ती ५३’, म्हणजे त्या क्रमांकाचे सरकारी परिपत्रक, मराठवाड्याच्या जुन्या पिढीला पाठ होती. ज्या गावात मराठी शाळेसाठी हैदराबादची मान्यता पाहावी लागे, त्याच उदगीरला एप्रिल २०२२ मध्ये ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेही उदयगिरी महाविद्यालयाच्या आवारात. तिथल्या जुन्या माणसांच्या डोळ्यांत पाणी का आले असेल हे या पार्श्वभूमीवर कळते.

निजामी राजवटीविरुद्धची चळवळ इथे आर्य समाजाच्या मार्गाने आली. उदगीरचे वकील श्यामलाल हे तिचे मोठे नाव. १९३८ च्या डिसेंबरात बिदरच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. जिल्ह्याचे ठिकाण म्हणजे कोर्ट आणि तालुकदाराची कचेरी. त्याचबरोबर तुरुंगही, आणि उदगीरकरांसाठी तो बिदरला होता. उदगीरची श्यामलाल स्मारक शिक्षण संस्था त्यांच्या नावाने उभी आहे. पुढे लातूरचा वकील कासीम रझवी रझाकारांचा म्होरक्या झाला आणि १९४७-४८ मध्ये हा सारा टापू होरपळला. देवर्जनजवळच्या हत्तीबेटावर किसान दलाच्या तरुणांनी ठाण मांडून रझाकारांशी झुंज दिली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत आल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

त्यापुढच्या आठवड्यांतल्या हिंसाचाराबद्दल आपण बोलत नाही, आणि बोलले पाहिजे. केंद्र सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने जे पाहिले त्यात उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळलेले नोंदवले आहेत. मेलेले बहुतेक मुसलमान होते, आणि त्यांतले पुष्कळ रझाकारांशी काहीही संबंध नसलेले शेतकरी आणि कारागीर. त्या वेळचे उदगीर बिदर जिल्ह्यातले. मुक्तिसंग्रामाचे मोल या नोंदीने कमी होत नाही. ती वगळून सांगितलेला इतिहास मात्र अपुरा राहतो.

नंतरची आठ वर्षे फार वेगाची. १९४९ मध्ये सर्फ-ए-खास आणि जहागिरी खालसा झाल्या. १९५० चा हैदराबाद कूळ कायदा आला, १९५४ चा इनाम रद्द करण्याचा कायदा आला. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही खरी क्रांती होती. जहागिरीतल्या गावाचा कुळवाडी पहिल्यांदाच सरकारी तहसीलदारासमोर शेजारच्या खालसा गावाच्या बरोबरीने उभा राहिला.

मग १९५५-५६. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाचा अहवाल सप्टेंबर १९५५ मध्ये आला. मराठवाडा मुंबई राज्याला जोडावा असे त्यात होते, पण बिदर जिल्हा उरलेल्या हैदराबाद राज्यातच ठेवावा अशी शिफारस होती. म्हणजे ती जशीच्या तशी मान्य झाली असती तर उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तिन्ही तालुके तेलुगू भाषकांच्या राज्यात गेले असते आणि आज कदाचित तेलंगणात असते. वर्षभरात चित्र पालटले. ३१ ऑगस्ट १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने बिदर जिल्ह्याची तीन शकले केली: अहमदपूर, निलंगा, उदगीर मुंबई राज्यात, जहिराबादचा बहुतेक भाग आणि नारायणखेड आंध्रात, बाकीचा जिल्हा म्हैसूरमध्ये. नांदेडनेही दिले-घेतले. मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळे आणि देगलूरची बिचकुंदा-जुक्कल ही मंडळे गेली, बासरची सरस्वती गेली. आदिलाबादचा किनवट तालुका आणि इस्लापूर मंडळ आले. राजुराही आधी नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याला गेला.

एवढ्या बारकाईने मंडळामंडळांची वाटणी करण्यामागे भाषा हे एकच सूत्र होते, आणि ते सूत्र न्याय्य होते असे माझे स्पष्ट मत आहे. जगात सगळीकडे असे झालेले नाही. दक्षिण अमेरिकेत स्पेनच्या राजाने १७७६ मध्ये पोतोसीसह आल्तो पेरूचा, म्हणजे आजच्या बोलिव्हियाचा, मुलूख लिमाच्या अमलातून काढून ब्युनोस आयर्सला जोडला. तिथल्या छोट्या नगरपालिकांनाही कोणी विचारले नव्हते. पण स्वातंत्र्यानंतर तिथल्या नव्या देशांनी तत्त्व धरले की १८१० च्या सुमारास वसाहतीच्या कारभाराच्या ज्या हद्दी होत्या त्याच आपल्या देशांच्या हद्दी. राजाच्या दप्तरातली रेघ राष्ट्राची सीमा झाली. हैदराबाद राज्यात नेमके उलटे घडले: सालारजंगांच्या जिल्ह्यांच्या रेघा मोडून लोकांच्या भाषेप्रमाणे नव्या आखल्या गेल्या. निदान तसा प्रयत्न झाला.

प्रयत्न पुरा झाला नाही. भालकी आणि औराद तालुक्यांत पुष्कळ मराठी घरे कर्नाटकात राहिली. १९६६ मध्ये सीमावादासाठी महाजन आयोग बसला, दुसऱ्या वर्षी त्याचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो मानला नाही. २००४ पासून बेळगाव, कारवार, गुलबर्गा आणि बिदरमधल्या मराठी गावांचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. उदगीरहून बिदरकडे जाणारी रेल्वे कमलनगरला पोचली की राज्य बदलते. सोयरिकी मात्र दोन्हीकडे आहेत, आणि उदगीरच्या आडत बाजारात पलीकडचा शेतमाल येतो.

आपल्या राज्यात आल्याचा आनंद मोठा होता, पण त्याची किंमत उदगीरने पायांनी मोजली. बिदर सत्तर किलोमीटरच्या आसपास, थेट रेल्वेवर. १९५६ ला हे तीन तालुके उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले आणि जिल्ह्याचे ठिकाण दुप्पट लांब गेले. वाटेत लातूर लागे, पण कलेक्टर पुढे. वरचे न्यायालय हैदराबादहून मुंबईला गेले, ते १९८१ मध्ये औरंगाबाद खंडपीठामुळे जवळ आले. नगरपालिका चालत होती १९५६ च्या हैदराबाद जिल्हा नगरपालिका कायद्याने. राज्य नकाशावरून पुसले गेले तरी त्याचा कायदा महाराष्ट्राचा १९६५ चा कायदा अमलात येईपर्यंत टिकला. कूळ कायदा तर मराठवाड्यात अजूनही हैदराबादचाच. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला तेव्हा कुठे सव्वीस वर्षांची ही पायपीट संपली. १९९९ मध्ये देवणी आणि जळकोट वेगळे तालुके झाले, आणि स्वतंत्र उदगीर जिल्ह्याची मागणी आजही उभी आहे. ती मान्य व्हावी की नाही यावर मतभेद असू शकतात. पण दीडशे वर्षे दुसऱ्यांच्या जिल्ह्याच्या टोकाला राहिलेल्या गावाची ही मागणी केवळ पुढाऱ्यांची हौस म्हणून उडवून लावणे अन्यायाचे आहे.

आणि हा सारा इतिहास अजून चालू आहे, कारण तो कागदांत आहे. सेतवार, मदतमाश इनामाच्या नोंदी, १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक यांच्यावाचून मराठवाड्यातला जमिनीचा दावा पुढे सरकत नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला लागली तेव्हा निजामी दप्तरे उघडावी लागली आणि मोडी-उर्दू वाचणारी माणसे हुडकावी लागली. २ सप्टेंबर २०२५ ला सरकारने हैदराबाद गॅझेटियरच्या नोंदी लागू करण्याचा निर्णय काढला, आणि सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कारकुनांनी लिहिलेल्या ओळींवर आजच्या मुलांचे दाखले अवलंबून राहिले. उदगीर, निलंगा, अहमदपूरचे जुने दप्तर बिदर जिल्ह्याचे. ते तीन राज्यांच्या वाटणीत विखुरले. त्याची एकत्र सूची तयार करणे आणि मोडी-उर्दू वाचणारी नवी पिढी घडवणे हे काम विद्यापीठाने आणि जिल्हा प्रशासनाने अंगावर घेतले पाहिजे. वाचकांपैकी कोणाच्या घरी जुनी सनद, सेतवाराची नक्कल, पटवाऱ्याचे मोडी बाड किंवा उर्दू निकालपत्र पेटीत पडून असेल तर ते रद्दीत घालू नका. त्याचे छायाचित्र काढा, वाचणारा माणूस हयात आहे तोवर ते वाचून घ्या, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला त्याची एक प्रत द्या.